रुसवा आणि फुगवा यांच्या मधली जागा

६ ऑगस्ट

आत्या,

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी माझं सगळं बदललं. तुला वेळ मिनिटांसकट लागते म्हणून घड्याळ बघून ठेवलं. मी जिथं जन्मात गेलो नव्हतो तिथं पोचलो, आणि तिथं माझं नाव आधीच लागलेलं होतं.

थांब, नीट सांगतो. नाहीतर म्हणशील, पोरगं तापात बरळतंय.

त्या खेळाबद्दल तुला मागं लिहिलं होतं. कॉम्प्युटरवरचं आकाश, ज्याचं त्याचं जहाज, आणि तारे इतके की सगळ्या खेळणाऱ्यांना जन्मभर पुरून उरतील. एखाद्या ताऱ्यापाशी जो पहिला पोचतो त्याच्या जहाजाचं नाव आणि तारीख तिथं कायमची लागते. ताऱ्याला नाव द्यायचा मानही त्याचाच.

एक गोष्ट मात्र लिहिली नव्हती, कारण तू हसली असतीस. माझं जहाज ‘भडका’. तुझीच कृपा, लहानपणी तूच मला ते नाव चिकटवलंस. माझ्या कॉलेजातली ती, तिचं जहाज ‘कंदील’. गेल्या वर्षी सगळं गोडीगुलाबीत होतं तेव्हा आम्ही जहाजं बदलून घेतली. लोक अंगठ्या बदलतात, आम्ही पासवर्ड बदलले. तेव्हापासून ‘कंदील’ मी चालवतो आणि ‘भडका’ ती. हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही. आता तुला.

नकाशात एक जोडतारा होता. दोन सूर्य, एकमेकांना धरून फिरणारे. इतका लांब की कुणी तिकडं फिरकलेलं नव्हतं. तिथं दोघांनी मिळून जायचं ठरलं होतं. मग डिसेंबरात ती म्हणाली, ‘तीन महिने फोन करू नकोस, मला वेळ हवाय, मग सगळं सांगते.’ मी काय केलं ते तुला माहीत आहे. तीन महिने कशाला, जन्मभर नको, म्हटलं आणि फोन कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली भिरकावला. आठवड्याभरात कॉलेजही सोडलं. बाबांनी बोलणं टाकलं. मी गाव बदललं आणि इस्त्रीवाल्याच्या दुकानावरची ही खोली घेतली. फोन आजही नाही.

जूनमध्ये राहवलं नाही, खेळ परत उघडला. त्यात ओळखीच्यांची यादी असते, जो खेळत असेल त्याच्या नावापुढं हिरवा ठिपका. रागानं ती यादीच झाकून टाकली आणि ‘कंदील’ घेऊन एकटा निघालो. डोक्यात एकच, तिथं पोचायचं, तिच्या जहाजाचं नाव लावायचं आणि खेळ कायमचा मिटवायचा. कधीतरी तिला दिसेल आणि झोंबेल. सात आठवडे लागले. दिवसभर पार्सलच्या गोदामात परत आलेल्या खोक्यांवर ‘या पत्त्यावर राहत नाही’ असे शिक्के मारायचे आणि संध्याकाळी तासभर उडायचं.

मंगळवारी पोचलो. एक भला मोठा लाल सूर्य, एक लहानसा पांढरा. आणि पाटी आली: ‘प्रथम शोध: भडका, १५ मार्च.’

नावंसुद्धा दिलेली होती. लाल तो ‘रुसवा’, पांढरा तो ‘फुगवा’. मी इतक्या मोठ्यानं हसलो की खालून इस्त्रीवाला ओरडला, “वर सगळं ठीक ना रे?”

मग यादी उघडली. ‘भडका’, ठिपका हिरवा. आणि जहाज दिसलं. दोन सूर्यांच्या बरोबर मध्ये, जिथं काहीही नाही तिथं, नुसतं लटकलेलं. नाक माझ्याकडं. मी दिवे लावले. बऱ्याच वेळानं त्यानंही एकदा लावले. हललं मात्र नाही.

आत्या, ती रुसून बसलीय. मार्चपासून माझी वाट बघतेय.

तुझा भडका
(जहाज नव्हे, माणूस)

१३ ऑगस्ट

भडक्या,

आधी पाणी पी, मग वाच. आशीर्वाद शेवटी देईन, उरले तर.

तुझं पत्र काल शिध्याच्या गाडीनं डोंगरावर पोचलं. दोनदा वाचलं आणि त्यापायी सकाळचं वाऱ्याचं माप घ्यायला अकरा मिनिटं उशीर झाला. या हवामान केंद्रात एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. खाली कुणाला सांगू नकोस, तिथं आधीच म्हणतात की बाईला धुक्यानं घेरलंय.

आमच्या नोंदवहीत दोन रकाने असतात. ‘दिसलं’ आणि ‘वाटलं’. ढग उतरलेले दिसले, हे पहिल्यात. पाऊस येईलसं वाटलं, हे दुसऱ्यात. नवा माणूस येतो तो महिनाभर दोन्ही एकाच रकान्यात कोंबतो आणि माझी बोलणी खातो. तुझं पत्र तसं आहे. तुला एक जहाज दिसलं. ती रुसून बसलीय, हे तुला वाटलं.

तर मला फक्त दिसलेलं लिहून पाठव. ते जहाज किती वाजता येतं, किती वाजता जातं, कसं वळतं, काही बोलतं का. आणि पाटीवरची तारीख परत एकदा वाच. पंधरा मार्चच आहे ना? पंधरा?

तोवर त्याच्या जवळ जाऊ नकोस. का, ते विचारू नकोस. एकदा तरी माझं ऐक.

इकडं तीन दिवस समोरचा कठडा दिसत नाही. माप घ्यायला दोरी धरून जावं लागतं. बाबांना चार ओळी टाकल्यास का? टाक.

आत्या

२१ ऑगस्ट

आत्या,

घे तुझे रकाने.

दिसलं: पाटीवर पंधरा मार्चच आहे. तीनदा वाचलं.

दिसलं: ‘भडका’ रोज सहा चाळीसला जागा होतो आणि आठच्या ठोक्याला ठिपका राखाडी. एका मिनिटाचा फरक नाही. रविवारीही तेच.

दिसलं: तो कधीच उजवीकडं वळत नाही. उजवीकडं बघायचं असेल तर डावीकडून अख्खा गोल फिरून येतो. हे बघून मला हसू आलं, मग हसू आलं नाही. ती अशी पाणी कापल्यासारखी वळायची. मला वाटलं, वाटलं, दुसऱ्या रकान्यात घाल, की मला चिडवायला करतेय.

जवळ जाऊ नकोस म्हणालीस. तुझं पत्र यायच्या आधीच गेलो होतो. जवळ गेलं की तो मागं सरत नाही, पुढंही येत नाही. नुसता नाक फिरवून माझ्याकडं ठेवतो. मी रुसव्याच्या मागून फिरून आलो तरी नाक माझ्याकडंच. एखादं म्हातारं माणूस खिडकीतून रस्त्यावरच्या कुणाला बघतं ना, तसं.

तिथं एक ग्रह आहे, दगडांचा, उघडाबोडका. उतरलं की प्रत्येक दगडाला दोन सावल्या, एक तांबूस, एक निळसर, आणि दोन्ही वेगवेगळ्या वेगानं सरकतात. तिथं खांब रोवून वीस अक्षरांत निरोप ठेवता येतो. बोलायची सोय एवढीच. मी रोवायला गेलो तर एक खांब आधीच होता. ‘भडका’नं ठेवलेला. त्यावर लिहिलं होतं:

‘तिथं थंडी आहे का?’

बस, एवढंच. कुठली थंडी, ते कळलं नाही. तरी मी उत्तर ठेवलं, ‘थंडी नाही. दोन सूर्य आहेत.’ दुसऱ्या दिवशी तो त्या खांबाभोवती पाऊण तास डावीकडं डावीकडं फिरत राहिला.

आणखी एक. गेल्या रविवारी सकाळी सात दहाला मी सहज खेळ उघडला. ‘भडका’चा ठिपका राखाडी होता. म्हणजे तिथं कुणी नाही, जहाज नुसतं सोडलेलं. आणि त्या जहाजानं दिवे लावले. तीनदा. उघडझाप, उघडझाप, उघडझाप.

आमच्यात तीनदाचा अर्थ ठरलेला होता. ‘आता पुरे, उठ, जेवायला जा.’ मी तासन्‌तास बसायचो म्हणून तिनं काढलेली खूण. हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? आता सांग, वाटलं की दिसलं?

आणि तुझं हे ‘का ते विचारू नकोस’ काय आहे? बाबांनी तुला काही लिहिलंय का? तिचं कुठं ठरवलंय का घरच्यांनी? असेल तर स्पष्ट सांग. मी लहान नाही.

भडका

२७ ऑगस्ट

भडक्या,

मी रजा टाकलीय. माझ्या जागी खालून एक जण येतोय, त्याला दोरी कुठं बांधलीय ते दाखवून उद्याच्या गाडीनं उतरते. कुठं जाते ते आल्यावर लिहीन.

तिचं कुठंही ठरवलेलं नाही. एवढं खरं मान.

एकच मागणं. त्या खांबावर आता काही लिहू नकोस. एक अक्षर नको. हात शिवशिवले तर खाली जाऊन इस्त्रीवाल्याचे कपडे घडी कर.

आत्या

२ सप्टेंबर

आत्या,

तुझी चिठ्ठी आज मिळाली. उशीर झाला. लिहून बसलोय.

तुमचं सगळ्यांचं असंच. ‘मग सांगते’, ‘आल्यावर लिहीन’. तीही हेच म्हणाली होती. एकदा तरी कुणी वेळेवर सांगाल का? गोदामातल्या साहेबाशीही भांडण झालं काल. एक खोकं चौथ्यांदा परत आलं, ‘मारा शिक्का’ म्हणाला. मी म्हटलं, पाचव्यांदा पाठवून बघायला काय जातं? तो म्हणाला, “तुझ्या बापाचं पार्सल आहे का?” खोकं टेबलावर आपटून निघून आलो. आज परत गेलो. त्यानं शिक्का माझ्यापुढं सरकवला.

तर खांबावर मी काय लिहिलं ते ऐक. शनिवारी लिहिलं, ‘माफ कर.’ आठ महिने जे घशात अडकलं होतं ते दोन शब्दांत निघालं आणि मी या खोलीत लहान पोरासारखा रडलो. खालून वाफ येत होती, कोणाला काय कळतंय.

रविवारी ‘भडका’ आला. खांबापाशी गेला. सव्वा तास नुसता उभा. नाकही फिरवलं नाही. मग आठ वाजता गेला. सोमवारी नवीन खांब होता. त्यावर:

‘राग नाही. घरी ये.’

आत्या, कोणत्या घरी? तिच्या घरी मी एकदाही गेलेलो नाही. तिच्या आईला मी माहीतसुद्धा नाही. आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण ते वाचताना असं वाटलं की हे मला लिहिलेलं नाहीच, माझ्या मागं कुणीतरी उभं आहे आणि त्याला लिहिलंय. मी खरंच मागं वळून बघितलं. भिंत होती.

लवकर लिही.

९ सप्टेंबर

भडक्या,

बस. पाणी जवळ ठेव. या वेळी चेष्टा नाही.

ती नाही राहिली, बाळा. एकोणीस मार्चला गेली.

डिसेंबरात दुखणं कळलं होतं. शस्त्रक्रिया व्हायची होती, तीन महिने लागणार होते. बरी होऊन मग तुला सांगायचं तिच्या मनात होतं. तू डॉक्टरांशीही भांडायला उठशील म्हणून.

मला हे एप्रिलमध्ये कळलं. तुझ्या बाबांनी लिहिलं, कॉलेजातून त्यांना समजलं होतं. ‘तो एकटा आहे, डोक्यात राख घालून काहीतरी करून बसेल, जरा सावरू दे, मग सांगू’ असं म्हणाले आणि मी हो म्हटलं. त्यानंतर तू प्रत्येक पत्रात तिला नावं ठेवायचास आणि मी उत्तरात हवामान लिहायचे. एकोणीस वर्षं जे दिसलं ते लिहिणारी बाई पाच महिने तुझ्याशी खोटं बोलली. याबद्दल तुला काय हवं ते बोल, मी ऐकून घेईन.

म्हणून तुझं ऑगस्टचं पत्र वाचून वाऱ्याच्या मापाला उशीर झाला. मेलेल्या पोरीचं जहाज दिवे लावतंय म्हणे. मी तिच्या घरी जाऊन आले.

आईच आहे फक्त. गणवेश शिवण्याच्या कारखान्यात जाते, सहा वाजता सुटते. मी कॉलेजातल्या ओळखीची म्हणून गेले. बाईनं चहा टाकला, पण लक्ष घड्याळाकडं. सहा चाळीसला म्हणाली, “जरा बसा हं, माझी वेळ झाली.” मी मागोमाग आत गेले. गादी गुंडाळून ठेवलेली खाट, आणि खिडकीशी कॉम्प्युटर. तिनं पिन लावली. पडद्यावर ते दोन सूर्य आले.

कॉम्प्युटरच्या कडेला एक कागद चिकटवलाय, पोरीच्या अक्षरात. ‘पुढं: हे बटण. दिवा: हे. डावीकडं: हे. खांब: हे.’ शेवटी शेवटी हात थकायचे, तेव्हा आई चालवायची आणि ती सांगायची. मला तिथं पोचायचंय, एवढंच म्हणायची. पंधरा मार्चला पोचल्या. बाई म्हणाली, “उजवीकडं शिकवायचं राहून गेलं.”

पुढं ऐक. तुमची अदलाबदल तिला माहीत नाही. ‘कंदील’ हे तिच्या लेकीचं शाळेपासूनचं जहाज, ‘भडका’ हे तिचंच दुसरं, एवढंच तिला ठाऊक. मार्चनंतर ती रोज कामावरून येऊन नुसती तिथं बसायची. आणि जूनमध्ये एका संध्याकाळी ‘कंदील’पुढं हिरवा ठिपका लागला. त्याच्यापुढं अंतर येतं म्हणे. ते रोज कमी व्हायला लागलं. सात आठवडे, रोज थोडं थोडं. तिनं कॅलेंडरच्या प्रत्येक चौकोनात ते लिहून ठेवलंय. मी बघितलं.

वेडी नाही रे ती. मला म्हणाली, “मला कळतं सगळं. तिचे कपडे मीच आवरलेत. पण ठिपका हिरवा दिसतो. मी कुणाला विचारू?”

थंडीचं तिनंच विचारलं होतं. तू दिलेलं उत्तर तिला तोंडपाठ आहे. ‘माफ कर’ वाचलं त्या दिवशी ती जेवली नाही. पोर दुखण्याचं आधी बोलली नाही, त्याची माफी मागतेय असं तिनं धरलं.

तू म्हणालास त्या जहाजाच्या नाकासमोरून फिरताना कुणी म्हातारं माणूस खिडकीतून बघतंय असं वाटतं. बरोबर दिसलं तुला. आणि ती तुझ्यात आपली पोर बघत होती. तू तिला आणि ती तुला, दोघं दोन बाजूंनी, आणि मध्ये जी आहे असं दोघांना वाटतं, ती तिथं नाहीच.

‘कंदील’ तू चालवतोस, हा शब्द माझ्या तोंडात आला होता. गिळला. तिला उत्तरं तू दिलीस, तर हेही तूच द्यायला हवं. तू नुसता खेळ बंद केलास तर ती दुसऱ्यांदा जाईल, न सांगता. चालू ठेवलास तर काय होईल ते मला लिहवत नाही.

राहिलं ते रविवार सकाळचं. मी विचारलं. सकाळी ती कधीच लावत नाही, आठ वाजता पिनच काढून ठेवते. त्या रविवारी ती कारखान्यात जादा कामाला होती. आणि तीनदाची खूण तिला माहीत नाही, कागदावर दिवा एकदाच लावायचा लिहिलाय. मी हे ‘दिसलं’च्या रकान्यात ठेवलंय. दुसरा रकाना कोरा सोडते.

पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

तुझी आत्या

१४ सप्टेंबर

आत्या,

या वेळी काही फोडलं नाही. फोडायला हात उचलला होता, खाली आणला.

बोलायचं म्हणशील तर बोलायचं खूप आहे, तुला आणि बाबांना. पण तुम्ही पाच महिने गप्प बसलात आणि मी पाच महिने तिला शिव्या दिल्या. आपल्यातलं मोठं खोटं कुणाचं ते मला ठरवता येत नाही. ते भेटल्यावर बघू.

गोदामात गेलो नाही. इस्त्रीवाल्यानं दोनदा वर चहा पाठवला. भला माणूस.

तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी सहा चाळीसला मी बसलो. बसायचं नाही असं ठरवून बसलो. ‘भडका’ मध्ये लटकलेला. एकदा दिवे लावले. आत्या, मी काय करायला हवं होतं? मी पण लावले. मग कळलं की आता मला माहीत असून मी ते केलं. आधीचं सगळं चुकून होतं, हे चुकून नव्हतं. दुसऱ्या दिवशीही लावले. तिसऱ्या दिवशी खांबावर नवीन निरोप होता, ‘नवा ड्रेस शिवलाय.’ कुणासाठी शिवलाय ते लिहायला अक्षरं उरली नसतील. त्या क्षणी मला कळलं, तू जे लिहवत नाही म्हणालीस ते काय. मी रोज येत राहिलो असतो. ती रोज येत राहिली असती. मला ते आवडायला लागलं होतं.

आज पहाटेच आंघोळ उरकली. तिच्या गावची गाडी नऊला आहे. सहाच्या आत पोचतो. कारखान्याच्या फाटकाशी उभा राहीन, म्हणजे सहा चाळीस व्हायच्या आधी भेट होईल. काय बोलायचं ते ठरवलेलं नाही. ठरवलं की माझं भांडण होतं. फोन फेकणारा तो मीच, आणि ‘कंदील’मध्ये बसलेलाही मीच, एवढं आधी सांगेन. मग तिनं दारातून हाकललं तरी चालेल. हाकललं नाही तर तिला उजवीकडं वळायला शिकवीन.

मघाशी खेळ शेवटचा उघडला. ‘भडका’ जागेवर, ठिपका राखाडी. मी ‘कंदील’ ग्रहावर नेऊन खांबांपाशी उतरवला. दोन सावल्या पडल्या. मग दिवे तीनदा उघडझाप केले. आता पुरे, उठ. कुणाला म्हणालो ते माहीत नाही.

उत्तराची वाट बघितली नाही. पडद्याकडं पाठ करून, भिंतीला कागद टेकवून उभ्यानंच हे लिहितोय. आत्ता या भिंतीवरचा उजेड कमीजास्त झाला. तीनदा. खालून इस्त्रीची वाफ येते, तिनंही होत असेल. मी वळून बघितलेलं नाही, म्हणजे तुझ्या पहिल्या रकान्यात घालू नकोस.

न बघता हात मागं नेऊन खटका चाचपला आणि बंद केला. तिचा ठिपका आता राखाडी झाला असेल. कुणीतरी करायलाच हवा होता, आणि तो मी केला.

पिशवी घेतली. पुढचं जिन्याच्या पहिल्या पायरीवरून लिहितोय, खाली इस्त्रीवाल्याकडं हे टपालात टाकायला देतो. खोलीत अंधार आहे, सगळं आवरलेलं आहे, दिव्याचं एकही बटण चालू नाही.

दार ओढून घेतलं.